भिंतीतल्या लॅन केबलच्या टोकाला थेट प्लग की जॅक?

सुदामानगरवाला (धागाकर्ता)

इंदूरमध्ये सुदामानगर, अन्नपूर्णा, स्कीम ७८ भागांत जुनी घरं पाडून तीन-तीन मजली घरं उभी राहतायत. वायरिंग करतानाच खोलीखोलीत लॅनची केबल टाकून घेतात, हे उत्तमच. पण शेवटी वायरमन डब्यातून हातभर केबल बाहेर काढतो, टोकाला प्लग क्रिम्प करतो (टूलने दाबून बसवतो) आणि 'झालं, टीव्हीला लावा' म्हणून निघतो. माझं ठाम मत आहे की भिंतीतल्या केबलला प्लग बसवायचाच नाही. दोन्ही टोकांना जॅक (प्लग ज्यात घुसतो ते सॉकेट) बसवायचे आणि जॅकपासून यंत्रापर्यंत कंपनीची तयार पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्हीकडे प्लग असलेली लवचीक केबल, लावायची.

भिंतीत टाकतात ती केबल सॉलिड असते, म्हणजे प्रत्येक रंगाच्या आवरणात एकच सलग तार. कॅट ५ई या दर्जाच्या केबलमध्ये ती साधारण अर्धा मिलिमीटर जाड, वरच्या कॅट ६ मध्ये थोडी अधिक. अशी तार पुन्हापुन्हा वाकली की तुटते, आणि तुटते ती प्लगच्या अगदी मागे, आवरणाच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. पॅच कॉर्डमध्ये प्रत्येक रंगात सात बारीक तारा पिळलेल्या असतात. ती वाकायलाच बनवलेली आहे.

दुसरं कारण पकडीचं. जॅकमध्ये तार दोन पात्यांच्या फटीत दाबली जाते. पाती आवरण कापून तांब्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतात, मध्ये हवा शिरायला जागा राहत नाही. प्लगमधली पिन मात्र वरून खाली टोचते. बारीक तारांच्या जुडग्यात ती मधोमध घुसते, सॉलिड तारेवरून बाजूला घसरते. सॉलिडसाठी तीन दातांच्या पिनेचा वेगळा प्लग मिळतो, पण पिशवीतले सुटे प्लग घेताना तो फरक विचारतं कोण? सुरुवातीला सगळं चालतं. मग एखादी पिन सैल होते आणि १००० एमबीपीएसचा (गिगाबिट) लिंक १०० वर येतो. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला १-२ आणि ३-६ या दोनच पुरतात. नेट चालूच राहतं, म्हणून कोणी तपासत नाही. विंडोजमध्ये इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड १००/१०० दिसत असेल, तर आधी टोकं बघा.

जेलरोडकर

असहमत. 'बसवायचाच नाही' हे फार झालं.

तुमच्या पद्धतीत एका लाइनवर दोन जॅक आणि दोन पॅच कॉर्ड येतात. म्हणजे जोड वाढले, आणि जितके जोड तितक्या बिघाडाच्या जागा. पंचिंग टूल (जॅकमध्ये तार दाबून बसवायचं हत्यार) घेऊन येणारा वायरमन घरकामाला मिळतो कुठे? जॅकमध्ये तार पेचकसाने ढकलतात. त्याने पात्यांची फट फाकते आणि तो जॅक कायमचा ढिला होतो. अशा जॅकपेक्षा नीट क्रिम्प केलेला प्लग कधीही बरा.

आणि छतावरचा वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट, गेटवरचा कॅमेरा, इथे जॅक ठेवणार कुठे? टीआयए-५६८.२-डी या केबलिंगच्या २०१८ च्या अमेरिकन मानकात एका टोकाला पॅनल (कपाटातली जॅकची पट्टी) किंवा जॅक आणि दुसऱ्या टोकाला थेट प्लग अशी जोडणी मान्य आहे. एमपीटीएल म्हणतात तिला. मानकच मानतंय, तर आपण धर्मसंकट कशाला करायचं?

सविता_कॅबिनेट

जेलरोडकर, एमपीटीएलचा मुद्दा बरोबर, पण पूर्ण सांगा. त्यात प्लग एकाच टोकाला, दुसरं टोक पॅनल किंवा जॅकवरच. आणि ती सवलत एकदा बसवलं की हलत नाही अशा यंत्रासाठी आहे. कॅमेरा कोणी रोज काढून लावत नाही. टीव्ही आणि कॉम्प्युटर मात्र दिवाळीच्या साफसफाईला सरकतातच.

मला खरी चिंता वाटते ती प्लगमधल्या रंगक्रमाची. जॅकवर रंग छापलेले असतात, त्यामुळे चूक कमी होते. प्लगवर काहीच नसतं, सगळा भरवसा वायरमनच्या पाठांतरावर. आपल्याकडे 'बी' क्रम चालतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. 'ए' मध्ये नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल, बाकी तेच. ए चांगला की बी, हा वाद व्यर्थ आहे. वेगात काडीचा फरक पडत नाही. अट एकच, दोन्ही टोकांना तोच क्रम.

घात होतो तो जोड्या ओळीने लावल्या की: नारिंगीची जोडी, हिरव्याची, निळ्याची, तपकिरीची. दोन्ही टोकांना सारखंच लावलंय म्हणून आठ दिव्यांचा टेस्टर १ ते ८ सगळे दिवे क्रमाने लावतो आणि वायरमन म्हणतो 'ओके'. पण सिग्नलची जोडी ३ आणि ६ आहे. ओळीने लावलं तर ३ वर हिरव्या जोडीतली एक तार जाते आणि ६ वर निळ्या जोडीतली. दोघी एकमेकींभोवती पिळलेल्याच नाहीत. पीळ असतो तो बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडावा आणि वजा होऊन जावा म्हणून. इथे ते होत नाही. शेजारच्या जोडीचा सिग्नल थेट आत शिरतो. पाच-सहा मीटरवर कदाचित चालेल, तीस मीटरवर लिंक पडेल किंवा चुकांनी भरेल. टेस्टरचे दिवे सलगता दाखवतात, जोडी दाखवत नाहीत.

३ आणि ६ मध्ये अंतर का, असं नेहमी विचारतात. टेलिफोनच्या जुन्या पद्धतीत मधल्या ४-५ वर पहिली लाइन आणि तिच्या दोन्ही बाजूंना ३-६ वर दुसरी. ती सोय सांभाळली गेली, म्हणून क्रम असा विचित्र.

राजवाडा_इलेक्ट्रिकल

वायरमनवर सगळा राग काढताय, म्हणून आमची बाजू मांडतो.

डब्याची खोली बघा. स्विचचा साधा मॉड्युलर डबा ४५-५० मिलिमीटर खोल. मागून सरळ केबल घेणारा जॅक जवळपास ३० मिलिमीटर आत जातो. उरलेल्या जागेत कॅट ६ केबल वळवायची. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट हवी, म्हणजे ६ मिलिमीटरच्या केबलला २४. बसत नाही. मग प्लेट दाबून बसवली जाते, केबल आत चेपते आणि तुमचा जॅक पंधरा मिनिटांत खराब. डबा खोल हवा हे भिंत फोडायच्या आधी सांगा. प्लास्टर झाल्यावर आम्हाला बोल लावू नका.

घरमालक लॅनचं सॉकेट आणि २३० व्होल्टचं सॉकेट एकाच प्लेटमध्ये मागतात, 'दिसायला छान' म्हणून. ते मला मंजूर नाही. लॅनला डबा वेगळा, पाइप वेगळा. २५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये कॅट ६ च्या चारच केबल घाला. जास्त कोंबल्या की ओढताना जोर लागतो. साधारण ११ किलोच्या वर ताण दिला की आतला पीळ सैल होतो, आणि ते बाहेरून कळतही नाही.

क्रिम्प करायचंच असेल तर नीट करा. बाहेरचं आवरण ३० मिलिमीटर सोला, पातं आतल्या रंगीत आवरणाला लागू देऊ नका. पीळ उकला, तारा बोटांत घासून सरळ करा, क्रम लावा आणि एका झटक्यात सरळ कापून १२-१३ मिलिमीटर ठेवा. प्लगमध्ये घालताना बाहेरचं आवरण मागच्या खाचेच्या आत गेलंच पाहिजे. क्रिम्प करताना ती खाच आवरणाला धरते आणि ताण तिच्यावर येतो. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ताण आठ बारीक तारांवर. दाबायच्या आधी प्लगच्या तोंडाकडून बघा, तांब्याची आठही टोकं समोरच्या पारदर्शक प्लास्टिकला टेकलेली दिसायला हवीत. एकही मागे असेल तर प्लग कापून टाका, तोच पुन्हा दाबू नका.

आरपार भोकांचे प्लग नवशिक्याला सोपे, क्रम पुढून दिसतो. पण टूलचं पातं बोथट झालं की टोकं कापली न जाता चेपतात आणि शेजारच्या तारेला चिकटतात. कॅट ६ ची जाड तार साध्या प्लगच्या भोकात शिरतच नाही, कॅट ६ चाच प्लग घ्या.

पलासियाकर

प्लग-जॅकवर भांडताय, पण मुळात केबलच तांब्याची नसेल तर? बाजारात बराच माल सीसीए असतो, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर. खोक्यावर कॅट ६ लिहिलेलं असलं तरी मानकात ती बसतच नाही.

मल्टिमीटर असेल तर खोक्यातल्या केबलची दोन्ही टोकं बाहेर काढून एका रंगाच्या तारेचा रेझिस्टन्स मोजा. मर्यादा १०० मीटरला ९.३८ ओम, म्हणून पूर्ण ३०५ मीटरला २८.६ च्या वर जाता कामा नये. सीसीए ४० च्या आसपास दाखवते. मीटर नसेल तर तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरं दिसलं की परत करा.

फरक कुठे पडतो ते आकड्यांत बघा. ३० वॉटच्या पीओईत (लॅन केबलमधूनच वीज देणं) नेटच्या स्विचकडून, म्हणजे सगळ्या केबल जोडतात त्या यंत्राकडून, किमान ५० व्होल्ट निघतात, यंत्राला किमान ४२.५ मिळायला हवेत, करंट ०.६ अँपियर. म्हणजे जाण्या-येण्याचा मिळून १२.५ ओम चालतो. करंट जोडीच्या दोन्ही तारांतून जातो, म्हणून जाण्या-येण्याचा मिळून रेझिस्टन्स एका तारेएवढाच, आणि १०० मीटर सीसीएचा तो १३.१ च्या जवळ जातो. ७.९ व्होल्ट वाटेतच जातात, उरतात ४२.१. रात्री कॅमेऱ्याचे दिवे लागले, करंट वाढला की तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि सगळे कॅमेऱ्याला दोष देतात.

सविता_कॅबिनेट

एक भर. ९.३८ ही मर्यादा २० अंशांवरची आहे. मे महिन्यात ४० अंशांच्या गोदामात मोजलं तर चांगलं तांबंही सुमारे ८ टक्के जास्त दाखवेल, म्हणून ३१ पर्यंत घाबरू नका.

सुदामानगरवाला

कॅमेरा आणि अ‍ॅक्सेस पॉइंटच्या टोकाला प्लग, कपाटाकडे पॅनल, हे मान्य. मूळ विधानात एवढी दुरुस्ती. टीव्ही, टेबल आणि बिछान्यामागे मात्र जॅकच.

राजवाडा, खोल डब्याचं अगदी बरोबर. ६५-७० मिलिमीटरचा डबा घ्या, किंवा बाजूने केबल घेणारा जॅक. आणि पेचकस नको, हे जेलरोडकरांचंही खरं. पंचिंग टूल एकदाच घ्यायचं असतं. आवरण जॅकच्या काठापर्यंत आणा, पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका, टूलची कापणारी बाजू बाहेरच्या अंगाला ठेवा. उलटी धरली तर जोडणीचीच तार कापली जाते. मानकाप्रमाणे जॅकला किमान ७५० वेळा काढघाल सोसावी लागते, आणि पॅच कॉर्ड बिघडली तर भिंतीला हात न लावता बदलता येते. प्लग तुटला की दर वेळी केबल दोन इंच आखूड होते. डब्यात उरते किती?

जेलरोडकर

आखूड होते, मान्य. म्हणून डब्यात जास्तीची केबल ठेवायची, ती तर जॅकलाही ठेवावीच लागते. भाड्याच्या घरात, पाच मीटरच्या एका लाइनसाठी, मी अजूनही प्लगच सांगेन, सॉलिडचा आणि नीट दाबलेला.

गच्चीचं कोणी बोललं नाही. पाण्याच्या टाकीजवळून जाणारी केबल उन्हात ६० अंशांपर्यंत तापते, आणि तापलेल्या तारेत सिग्नल जास्त क्षीण होतो. अशा ठिकाणी भिंतीतल्या भागाची ९० मीटरची मर्यादा ७५ वर येते. साधं करडं पीव्हीसी आवरण उन्हात तडकतं, पावसाचं पाणी आत शिरून तारांच्या वाटेने खाली स्विचपर्यंत येतं. बाहेर काळ्या पॉलिइथिलीनच्या आवरणाचीच केबल घ्या आणि भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळेल.

राजवाडा_इलेक्ट्रिकल

आणि शेजारच्या वेगळ्या इमारतीत लाइन न्यायची असेल तर तांबं नकोच, फायबर टाका. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असतात. जवळ वीज पडली की त्यांच्यातला फरक तुमच्या लॅन पोर्टवर येतो. तिथे प्लग काय आणि जॅक काय, दोन्ही जळतात.