शेरबर्गची शिध्याची शेड
ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींबद्दलची 'छोटी संग्रहालयं बूमरँग आणि ठिपक्यांची चित्रं मांडतात, कटू इतिहास गाळतात' असं म्हटलं जातं. सरसकट तसं नाही. तिथल्या क्वीन्सलँड राज्यातल्या शेरबर्गला आदिवासींनी स्वतःच 'रेशन शेड' (शिध्याची शेड) संग्रहालय उभं केलंय. आदिवासींच्या 'संरक्षणा'च्या नावानं केलेल्या १८९७च्या कायद्याखाली निरनिराळ्या जमातींची माणसं उचलून इथल्या वसाहतीत आणली; पीठ, साखर, चहा मोजून मिळायचा तो याच शेडमध्ये. वास्तूच पुरावा, मग पाट्या कमी लागतात. सांगणारेही तिथलेच, त्यामुळे 'ते लोक' न येता 'आमची आजी' येते. (१९३१मध्ये ब्रॅडमनला शून्यावर काढणारा आदिवासी गोलंदाज एडी गिल्बर्ट इथलाच. बाहेर खेळायला जायचं तर त्यालाही परवानगी लागायची!) क्वीन्सलँड सरकारनं आदिवासींची जी मजुरी अडवून ठेवली, तिचा सामूहिक दावा मात्र थेट २०१९मध्ये मिटला, १९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर.