मदत हवी आहे: 'द वॉकिंग डेड' या अमेरिकन झॉम्बी मालिकेच्या सातव्या सीझनच्या पहिल्या भागावरच्या तेव्हाच्या प्रतिक्रिया

२३ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत दाखवलेल्या या भागात खलनायक नीगन आधी एब्राहमला आणि मग ग्लेनला ठार मारतो. पुढे प्रेक्षक घटले. मला वाटतं, लोक हिंसेपेक्षा जास्त चिडले ते सहाव्या सीझनच्या शेवटी बळी कोण हे लपवल्यामुळे. ग्लेनचा मृत्यू तर मालिका ज्या कॉमिकवर बेतली आहे त्याच्या १०० व्या अंकातच होता. पण लेखात हे लिहायचं तर पुरावा हवा. समीक्षा आणि निर्मात्यांच्या मुलाखती वाचून झाल्या, त्यात सामान्य प्रेक्षक जवळजवळ नाहीच. अलीकडच्या व्हिडिओंखालच्या प्रतिक्रियांत नंतरची मतं मिसळलेली असतात. इंग्रजी चालेल, पैसे भरून मिळणारं नको. मालिका पूर्ण पाहिली आहे, तेव्हा पुढचं सांगितलंत तरी हरकत नाही. नेमक्या त्या आठवड्यातल्या, तारखेसह टिकून राहिलेल्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया कुठे आणि कशा शोधाव्यात?