कॅम्परव्हॅन घेऊन एकटीच निघालेय, समुद्राकाठची टेकडी चढायचीय, सल्ला हवाय

खारी_वाट:
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात पंधरा दिवस कॅम्परव्हॅन घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणार आहे, एकटीच. वाटेत अगदी समुद्राला लागून एक टेकडी आहे, ३२० मीटर उंच, पायवाट जायला ४ किमी. सुरुवातीला थोडी वाळू तुडवायची आणि मग खडकाचा एक कोपरा वळसा घालून जायचं, तो भरतीला पाण्याखाली जातो, दुसरी वाट नाही. मी पोचेन त्याच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी सकाळी ७ ला आहे. ग्रुपबरोबर डोंगर बरेच चढलेत पण एकटीने कधीच नाही, आणि व्हॅन खाली सोडून जायचं म्हटलं की सारखं मागे लक्ष राहील असं वाटतं. व्हॅन कुठे लावू, निघू किती वाजता, आणि मुळात एकटीने जाऊ का?

उधाण:
जा, नक्की जा. पण ताई, ७ च्या ओहोटीचं गणित आधी मांडून बघा. ताशी ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा, हा नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये दिलेला हिशोब आजही चालतो. तुमच्या वाटेला ४८ मिनिटं अधिक ३२ मिनिटं, म्हणजे न थांबता १ तास २० मिनिटं, दम खात गेलात तर पावणेदोन तास धरा. वर अर्धा तास, उतरायला सव्वा तास, झाले साडेतीन तास. सव्वासहाला अंधुक उजेडात कोपरा ओलांडलात तरी परत तिथे यायला पावणेदहा होतात. भरतीचं पाणी सारख्या वेगाने चढत नाही, पहिल्या दोन तासांत साधारण पाव भागच चढतं आणि पुढच्या दोन तासांत निम्मं. म्हणजे तुम्ही याल तेव्हा ते सगळ्यात जोरात चढत असेल.

पण तुमच्याकडे व्हॅन आहे ना, मग घाई कशाला? बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. दोन दिवस थांबा, ८:४० ची मिळेल, सातला आरामात निघा, साडेदहा-पावणेअकराला परत कोपऱ्यावर. फक्त अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी जास्त वर येतं, तिथल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात उंचीचा आकडाही बघून घ्या.

चाकं_आणि_वाटा:
व्हॅनचं मी सांगतो. वाळूवर लावू नका म्हणजे नकाच, वरून टणक दिसते आणि वजन आलं की चाक आत जातं. काल भरती कुठवर आली होती ते शेवाळ, काटक्या यांच्या रेघेवरून कळतं, त्याच्या बरीच वर, पक्क्या जमिनीवर आणि परवानगी असेल तिथेच लावा. तोंड वाऱ्याकडे ठेवा. पाठीमागून वारा असला तर पुढचा दरवाजा उघडताना हातातून हिसकला जातो, माझं बिजागर असंच वाकलंय. आणि वर जाताना किल्ली आतल्या चेनच्या खिशात, तो खिसा परत येईपर्यंत उघडायचाच नाही, खाऊ-मोबाईल-रुमाल सगळं दुसऱ्या खिशात. एकट्या माणसाची किल्ली पडली तर पुढचं सगळं अडतं. "मी एकटी वर गेलेय" अशी चिठ्ठी काचेवर लावू नका, ही माहिती घरच्यांसाठी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी नाही.

खारी_वाट:
दोन दिवस थांबायचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार! घरी नेमकं काय सांगून ठेवू? वर रेंज नसेल बहुतेक.

रानजाई:
अगं, "संध्याकाळपर्यंत फोन करते" असं मोघम नको सांगूस. वाट कुठली, व्हॅनचा नंबर काय, ती कुठे लावलीय, किती वाजता खाली येशील आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची, हे सगळं एका मेसेजमध्ये लिही. शिट्टी जवळ ठेव, मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांत, परत सहा, ही संकटाची खूण डोंगरात ओळखतात. परत फिरायची वेळही व्हॅनमध्ये बसूनच ठरव, माथा समोर दिसायला लागला की मन "अजून दहाच मिनिटं" म्हणतं आणि सोबत अडवणारं कोणी नसतं.

वाऱ्याला हलकं घेऊ नकोस. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, खाली आडोशाला कळतच नाही. कड्याच्या काठापासून लांब राहा, खालून माती गेलेली असते आणि वर नुसतं गवत लोंबत असतं. आणि हो, गारठून आलीस तरी व्हॅन बंद करून गॅसवर ऊब घेऊ नकोस, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, अलार्म बसवून घे.

खारी_वाट:
मंडळी, परत आलेय, सांगायलाच हवं म्हणून लिहितेय. दोन दिवस थांबले, ८:४० ची ओहोटी धरून सातला निघाले, पण टेकडीच्या खांद्यावर पोचले आणि समुद्राकडून ढग आला, पुढची खूण दिसेना. फिरायची वेळ ९ ठरवली होती, ९ वाजता फिरले. खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी साडेनऊची ओहोटी धरून परत गेले आणि आभाळ स्वच्छ! वरचं गवत सगळं एकाच बाजूला विंचरल्यासारखं झोपलेलं, आणि समोर इतकं पाणी की बोलवेना. खाली वाळूवर उभं राहून साडेचार-पाच किमीवरचं क्षितिज दिसतं, एवढ्या उंचीवरून ते ६०-६५ किमीवर जातं, मी बराच वेळ नुसती बघत बसले. उतरताना कोपऱ्यावर खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांचा पट्टा माझ्या छातीपर्यंत होता, म्हणजे पाणी रोज तिथवर येतं, आणि मी तिथून कोरड्या बुटांनी चालत आले.

किल्लीचा खिसा एकदाही उघडला नाही, वरून चाचपला मात्र शंभरदा. एकच विचारायचंय, आठवडाभर समुद्राकाठी राहून सरकत्या दरवाजाचा रूळ करकरतोय, काय करू?

चाकं_आणि_वाटा:
वा, मस्तच! ते मीठ आणि वाळू आहे. आधी कोरड्या ब्रशने वाळू काढा, मग भरपूर गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळला की सिलिकॉन स्प्रे. ग्रीस नको, त्याला वाळू चिकटते. आणि गाडीखालूनही पाणी मारा, गंज तिथूनच सुरू होतो.