रोबोटचे नियंत्रण अनेक संगणकांत कसे विभागावे?

प्रश्न (जळगाव): केळीच्या बागेत फिरणाऱ्या आमच्या रोबोटवर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे, तर प्रतिमा ओळखण्याचे काम शेतघरातील संगणक वायफायवरून करतो, मात्र झाडी दाट असली की आज्ञा उशिरा पोहोचतात आणि गाडी सरीत शिरते. संपूर्ण नियंत्रण रोबोटवरच आणावे का?

उत्तर (भुसावळ): संपूर्ण नको. मोटारीचा वेग राखणे आणि अडथळा दिसताच थांबणे ही मिलिसेकंदांची कामे रोबोटवरच ठेवावीत. मार्ग आखणे, रोगट पान ओळखणे अशी उशीर सोसणारी कामे दूरच्या संगणकाकडे द्यावीत. शिवाय ठरावीक वेळेत आज्ञा आली नाही, तर मोटारी आपोआप थांबतील असा वॉचडॉग हवाच.

उत्तर (धुळे): आपण रॉस १ (रोबोटचे प्रोग्राम एकमेकांशी जोडणारी सॉफ्टवेअर प्रणाली) वापरत असाल, तर सर्व नोड, म्हणजे तिच्यातील स्वतंत्र प्रोग्राम, एकाच मध्यवर्ती ‘मास्टर’ प्रोग्रामकडे नोंदणी करतात हेही ध्यानात घ्यावे. रॉस २ मध्ये डीडीएस या संदेशवहनाच्या मानकामुळे नोड परस्परांना थेट शोधतात. कॅमेऱ्याच्या चित्रांसाठी ‘बेस्ट एफर्ट’ (हरवलेला संदेश पुन्हा न पाठवण्याची पद्धत) निवडावे, कारण हरवलेले जुने चित्र पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वॉचडॉग नव्हताच, तो आधी बसवतो.