नववीतली दोन मुलं, दहावीच्या सवलती: कागद कुठून सुरू करायचे?

सहावा_तास

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावची अनुदानित शाळा, मराठी माध्यम, राज्य मंडळ. नववीच्या वर्गातल्या दोन मुलांना दहावीच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलती मिळाव्यात म्हणून विचारतोय.

पहिला मुलगा. तोंडी विचारलं की उत्तर चोख. लिहायला बसला की 'प्रकाश'चं 'पकाश', ५६ चे ६५, आणि जोडाक्षर आलं की पेन तिथंच थांबतं. प्रमाणपत्र कसलंच नाही. घरचे म्हणतात आळशी आहे.

दुसरी मुलगी. अल्पदृष्टी, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ४०%. पहिल्या बाकावरूनही फळा दिसत नाही, पुस्तक डोळ्यांपासून चार बोटांवर धरते.

मुलाचं प्रमाणपत्र कुठून आणि कसं काढायचं? लेखनिक घ्यावा, नुसता जादा वेळ, की दोन्ही? ऑफिसातून सल्ला आलाय की गणिताऐवजी सातवीचं अंकगणित देऊन टाका, मुलगा सुटेल. खरंच द्यावं का? आणि मुलीच्या हातात वाचता येतील अशी पुस्तकं कशी ठेवायची?

तिसरी_घंटा

सर, विचारायची वेळ बरोबर आहे. दहावीच्या दिवाळीत कुणी विचारलं तर बहुतेक वेळा हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही.

आधी शाळेत करायचं काम. मुलात दिव्यांगत्वाची लक्षणं दिसतात का ते शाळेतच पडताळायला एनसीईआरटीचं 'प्रशस्त' नावाचं ॲप आहे, २०२२ पासून. त्यातली पहिली यादी वर्गशिक्षकाने भरायची, दुसरी विशेष शिक्षकाने. हे प्रमाणपत्र नव्हे, पण गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना मुलगा दाखवताना हातात काहीतरी असतं. त्याच वेळी यू-डायस प्लसमध्ये (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) दोन्ही मुलांची नोंद तपासा. तिथे दिव्यांगत्वाचा रकाना रिकामा असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतलं साहित्य, भत्ते यांच्या यादीत नावच येत नाही. मुलींसाठी महिना २०० रुपये, वर्षाचे १० महिने असा प्रोत्साहन भत्ता आहे. रक्कम किरकोळ आहे हे खरं, पण नोंद असल्याचा पुरावा म्हणूनही ती कामाची.

आता मुलाचं प्रमाणपत्र. लक्षणं अध्ययन अक्षमतेची दिसतात, म्हणजे समज चांगली असूनही वाचता-लिहिताना किंवा आकडे मांडताना अडखळणं. खाजगी समुपदेशकाचा अहवाल मंडळाला चालत नाही, प्राधिकृत सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाचंच हवं. मुंबईत शीव, नायर आणि केईएम इथे अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. तुमच्या जिल्ह्यासाठी कुठलं रुग्णालय नेमलंय ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारा, आणि पालकांना आधी सांगून ठेवा की एका फेरीत काम होत नाही. क्रम साधारण असा असतो: बालरोगतज्ज्ञ, मग डोळे आणि कान (ऐकू कमी येत असेल तर लिहिण्यातल्या चुकांचं कारण तिथेच सापडतं), मग मानसशास्त्रज्ञाकडे बुद्ध्यांक, शेवटी विशेष शिक्षकाकडून वाचन, लेखन आणि गणिताची चाचणी. यातला एक कागद राहिला की पुढची तारीख मिळते.

सोबत न्यायचं: मुख्याध्यापकांचं पत्र, मागच्या दोन-तीन वर्षांच्या गुणपत्रिका, आणि मुलाच्या न तपासलेल्या, न सुधारलेल्या वह्या. यावर जोर देतेय त्याला कारण आहे. पालक नेमकी गृहपाठाची स्वच्छ वही नेतात. ती बहुतेक वेळा ताईने किंवा आईने लिहून दिलेली असते आणि तपासणाऱ्याला त्यात काही दिसतच नाही. घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका सगळ्यात उत्तम.

चाचणी मराठीतून व्हावी असा आग्रह धरा. इंग्रजी उताऱ्यावर मराठी माध्यमाचं मूल अडखळलं तर त्यातून काय कळणार? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे, पण ती प्राथमिकच्या मुलांसाठी.

वयाचंही बघा. केंद्राच्या २०१८ च्या निकषांत ८, १४ आणि १८ या वयांत तपासणी धरलेली होती (२०२४ मध्ये निकष सुधारले), तेव्हा पाचवीत काढलेलं प्रमाणपत्र दहावीला तसंच चालेल असं समजू नका. अर्ज यूडीआयडीच्या 'स्वावलंबन' या सरकारी पोर्टलवरून करायचा. नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव आधारवर, जनरल रजिस्टरला आणि अर्जात अक्षर न् अक्षर एकच हवं. एका वेलांटीच्या फरकाने फाइल परत येते. २०२४ च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिने केली आहे, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी हाताशी धरून उलटं मोजा.

जादा_पुरवणी

वरचं सगळं बरोबर. मी परीक्षेच्या बाजूचं लिहितो.

जादा वेळ तासाला २० मिनिटं. भाषेचा तीन तासांचा पेपर असेल तर ६० मिनिटं, गणित किंवा विज्ञानाचा दोन तासांचा भाग असेल तर ४०. पेपर सकाळी ११ ला सुरू होतो, म्हणजे जादा तास धरून मूल तीनच्या आसपास सुटतं आणि दुपारच्या सत्राची मुलं दारात येऊन उभी राहतात. खोली रिकामी करा म्हणून घाई सुरू होते ती इथेच. केंद्रसंचालकांना आधीच लेखी कळवून स्वतंत्र खोली मागा. लेखनिक असेल तर ती लागतेच, कारण प्रश्न मोठ्याने वाचायचे असतात.

लेखनिक दहावीसाठी नववीचा किंवा त्याखालचा. परवानगी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून घ्यायची, परीक्षेच्या सकाळी केंद्रावर नाही. दोन लेखनिक तयार ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताप, गोवर, मामाचं लग्न, काहीही होतं. त्यांच्या पालकांची लेखी संमती घ्या, कारण त्या दिवशी त्यांची शाळाही बुडते.

पण तुमच्या मुलाला लेखनिक हवाच का, हे आधी तपासा. तोंडी सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. सवय नसलेलं मूल सगळं भराभर बोलून मोकळं होतं आणि लेखनिकाच्या कागदावर दोन ओळी उमटतात. गणितात तर फारच फसगत. 'एक्स अधिक ३ चा वर्ग' असं मुलगा म्हणाला, तर वर्ग फक्त ३ चा की सगळ्याचा? लेखनिकाने स्वतःच्या मनाने कंस घातला तर ती नक्कल, नाही घातला तर गुण गेले. 'कंस सुरू, एक्स अधिक ३, कंस पूर्ण, त्याचा वर्ग' असं बोलायला शिकवावं लागतं. ऑक्टोबर २०१८ च्या शासन निर्णयातल्या सवलती पहिली ते बारावीसाठी आहेत, तेव्हा प्रमाणपत्र आलं की लगेच शाळेच्याच परीक्षेत एक पेपर लेखनिकासह आणि एक नुसत्या जादा वेळेत देऊन पाहा. दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या की निर्णय आपोआप होतो.

अंकगणिताचं म्हणाल तर मी घाई करू नका म्हणेन. ते घेतलं की अकरावीत गणिताची वाट बंद, आणि गणित मागणारे डिप्लोमाचे रस्तेही. शिवाय त्याच्या जोडीला कार्यानुभवाचा एक विषय घ्यावा लागतो, तो शिकवायला शाळेत कुणी आहे का? ५६ चे ६५ करणाऱ्या मुलाची अडचण बहुधा आकडे उतरवण्यात असते, गणित समजण्यात नाही. अंतर्गत २० धरून १०० पैकी ३५ हवेत. साधं गणनयंत्र, जादा वेळ आणि उत्तीर्ण होण्यापुरते मिळणारे २० वाढीव गुण (एकाच विषयात किंवा विभागून) एवढं हाताशी असताना पुष्कळ मुलं नेहमीच्या गणितात निघतात. ज्याला पैशांचा हिशेबच जमत नाही त्याच्यासाठी अंकगणित आहे, ऑफिसच्या सोयीसाठी नाही.

आवेदनपत्रात दिव्यांग प्रवर्ग नोंदवलाय का ते प्रीलिस्ट (भरलेल्या अर्जांची तपासणीसाठी येणारी यादी) आल्यावर स्वतः डोळ्यांनी बघा. शुद्धलेखनाच्या चुकांना गुण कापायचे नाहीत ही सवलत परीक्षकापर्यंत पोचायला उत्तरपत्रिकेवर तशी नोंद लागते. तीही केंद्रावर विचारून घ्या.

सहावा_तास

आभार. वह्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका: बुद्ध्यांक कमी निघाला, समजा ८०, तर?

तिसरी_घंटा

तर अवघड आहे. २०१८ च्या निकषांत अध्ययन अक्षमतेसाठी बुद्ध्यांक ८५ च्या वर धरला होता, आणि ७० च्या खाली बौद्धिक अक्षमतेचा विचार होतो. मधल्या पट्ट्यातली मुलं 'मंदगती' म्हणवली जातात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हा प्रकारच नाही. या पट्ट्याला कुणी वाली नाही हे माझं स्पष्ट मत. त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा (एनआयओएस) विचार करा: माध्यमिकला मराठी माध्यम आहे, पाच विषय, एकच भाषा घेतली तरी चालते, आणि पाच वर्षांत नऊ संधींमध्ये विषय सुटे सुटे पास होता येतात. पण अहवालात एकच आकडा बघून थांबू नका. बुद्ध्यांकाच्या पोटचाचण्यांच्या गुणांत फार तफावत असेल तर मानसशास्त्रज्ञाला त्याबद्दल विचारा.

भिंग_आणि_दिवा

मुलीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून.

झेरॉक्सवर ए-४ चं ए-३ केलं की १४१% होतं, म्हणजे १२ पॉइंटचा मजकूर जेमतेम १७ चा. मोठी छपाई म्हणायला १८ लागतो. वर ए-३ कागद बाकावर मावत नाही, मुलगी त्यावर ओणवी होते आणि स्वतःचीच सावली पाडते. त्यापेक्षा उतरती पाटी, उजव्या हाताने लिहीत असेल तर डावीकडून उजेड, आणि मजकूर टाइप करून २० पॉइंटमध्ये जाड ठशात छापलेला. चकचकीत कागद नको.

मोबाइल किंवा संगणक वापरणार असेल तर आधी एक परीक्षा: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. 'पाणी'च्या जागी 'Ö' सारखी चिन्हं आली तर फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेव छापाच्या जुन्या फॉण्टातली आहे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं एनव्हीडीए (फुकट आहे, त्यातला ईस्पीकचा मराठी आवाजही) ती चिन्हंच वाचून दाखवणार. अशा वेळी पान ३०० डीपीआयने स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि डॉक्समध्ये उघडा, युनिकोड मजकूर मिळतो. रफार आणि अनुस्वार तेवढे नजरेखालून घाला, 'वर्ग'चा 'वग' होतो. तक्ते आणि दोन रकान्यांची पानं मात्र हमखास विस्कटतात, ती हातानेच टाइप करा. एका विद्यार्थिनीसाठी पूर्ण पुस्तक असं करणं कायद्यात बसतं का, हा प्रश्न शाळेत हटकून निघतो. २०१२ च्या स्वामित्वहक्क दुरुस्तीने नफ्याशिवाय केलेल्या सुगम प्रतींना सूट दिली आहे.

'सुगम्य पुस्तकालय' या छापील न वाचता येणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात तिची नोंदणी करा. आणि प्रमाणपत्र आलं की मुलाचीही, छापील वाचता न येणाऱ्यांत डिस्लेक्सिया धरलेला आहे.

जादा_पुरवणी

मुलीच्या कार्डाबद्दल एक. ४०% म्हणजे ती २०१६ च्या त्याच कायद्याच्या भाषेत लक्षणीय दिव्यांगत्वात बसते. कलम ३१ प्रमाणे १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५% राखीव जागा. पण केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत अंध, दोन्ही हात बाधित आणि सेरेब्रल पाल्सी यांनाच मागितला की लेखनिक मिळायचा, अल्पदृष्टीला लिहिण्यातल्या अडचणीचं वेगळं प्रमाणपत्र शल्यचिकित्सकांकडून लागायचं; २०२५ मध्ये या सूचना बदलल्या. पुढे स्पर्धा परीक्षांना असं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, आत्ताच चौकशी करून ठेवा.

आणि '४०% च्या खाली काहीच नाही' असं कुणी म्हणालं तर ते जुनं झालं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार खटल्यात लेखनिकासाठी ४०% ची अट लागत नाही असं सांगितलं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्यासाठी वेगळ्या सूचना निघाल्या.

सहावा_तास

सोमवारी गट साधन केंद्रात जातोय. वह्या आजच कपाटातून काढून ठेवल्या.

तिसरी_घंटा

मूळ वह्या देऊन येऊ नका. झेरॉक्स द्या आणि पोच घ्या.