मारामारी नसलेला, नुसता भटकायचा गेम: सुरुवात कुठून करू?

शहापूरकर
रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास खेळायला मारामारी, टायमर, गेम ओव्हर यांतलं काहीच नसलेला गेम हवा आहे. आठवीतली भाचीही खेळणार. लॅपटॉपला ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सगळे स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम सांगतात. आणि एक शंका: हरायचंच नसेल तर अशा गेममध्ये मन रमतं कशात?

खानापूर_रान
'अ शॉर्ट हाइक' घ्या, २०१९ चा. क्लेअर नावाची पाखराची पोर फोनची वाट बघतेय आणि रेंज फक्त हॉक पीकच्या माथ्यावर. आपल्या जंगलपट्ट्यात रेंजसाठी उंचवटा शोधतात की, तसंच.

मन कशात रमतं ते गेममध्ये गोळा करायच्या सोनेरी पिसांत कळतं. एक पीस म्हणजे हवेत एक जास्तीची झेप, नाहीतर कड्यावर थोडी जास्त चढाई. जमिनीला पाय टेकले की पिसं परत भरतात. दोन पिसांनी न जमलेला कडा चार पिसांनी चढता येतो, आणि मघाशी खालून नुसता बघितलेला कट्टा पायाखाली येतो. बेळगावजवळ येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगड किल्ला दिसत राहतो, तसं इथं शिखर नजरेत राहतं, म्हणून कोपऱ्यात नकाशा नसला तरी अडत नाही.

चूक होते ती घाईची. लोक तीन-चार पिसांवर थेट माथ्याकडं सुटतात. वर थंडीनं पिसं गोठतात आणि गोठलेलं पीस भरत नाही. एकूण पिसं २०. साधारण ७ झाली की माथा गाठता येतो. आधी खाली किनाऱ्यानं फिरून नाणी गोळा करा, काही पिसं विकतही मिळतात. कड्यावरून सुटलात तरी बिघडत नाही. बटण दाबून धरलं की पंख पसरून तरंगत उतरता, आणि उतरता ती जागा बऱ्याचदा न बघितलेली निघते. मला हा गेम आवडतो तो या उतरण्यासाठीच.

निपाणीची_ताई
स्टारड्यू चांगलाच आहे, पण दादा, तुमच्या अटीत बसत नाही. त्यात घड्याळ आहे. खेळातली १० मिनिटं म्हणजे आपले ७ सेकंद, म्हणून सकाळी ६ ते रात्री २ हा दिवस १४ मिनिटांत संपतो. तोवर झोपला नाहीत तर तिथंच कोसळता आणि पैसे जाऊ शकतात. शिवाय कॉम्प्युटरवर सेव्ह होतं ते झोपल्यावर. पावसाळ्यात लाईट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी दमलेली असली तर तो दिवस पहिल्यापासून.

भाचीसाठी 'अल्बा' बघा, २०२० चा. भूमध्य समुद्रातलं बेट, हातात फोन. पक्ष्या-प्राण्यांचे फोटो काढून ते ओळखायचे, कचरा उचलायचा, मोडकं नीट करायचं, आणि राखीव रान वाचवायला गावातून ५० सह्या मिळवायच्या.

टिळकवाडी_रिपेअर
शॉर्ट हाइक हलका आहे. अल्बाला रिझोल्यूशन १२८० बाय ७२० ठेवा, सावल्या कमी करा, फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ३० वर बांधा. ६० वरून २० वर उड्या मारत राहण्यापेक्षा स्थिर ३० डोळ्यांना बरे. चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर प्रोसेसर मंद चालतो. वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्सही रॅमच वापरतं, आणि रॅमची एकच पट्टी असेल तर अडतं तिथंच. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी उघडा. 'स्लॉट्स यूज्ड' पुढं काय आहे?

शहापूरकर
'१ ऑफ २'. जात डीडीआर४, वेग २६६६.

टिळकवाडी_रिपेअर
मग त्याच जातीची, त्याच वेगाची अजून एक ८ जीबीची पट्टी घाला. दोन पट्ट्या जोडीनं चालल्या की ग्राफिक्सला डेटा जवळजवळ दुप्पट वेगानं मिळतो. दुकानात 'लॅपटॉपची' असं स्पष्ट सांगा, डेस्कटॉपची लांब असते, बसत नाही. पण आधी गेम आहे तसाच चालवून बघा की. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळणं २ तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. शॉर्ट हाइक तेवढ्या वेळात संपूही शकतो, म्हणून चालतो की अडकतो ते पहिल्या अर्ध्या तासातच ठरवा.