मदत हवी आहे: नव्या तुकड्याच्या एका जोडावर गेन, दुसऱ्यावर ०.३४ डीबी लॉस (उजेडाची घट)

नमस्कार मंडळी. कणकवलीजवळ रस्त्याच्या खोदकामात आमची २४ कोरची (काचेच्या तंतूंची) फायबर केबल तुटली. खराब भाग काढून मध्ये ९० मीटरचा नवा तुकडा टाकला. म्हणजे दोन क्लोजर (जोड ठेवायचे बंद डबे), ४८ जोड. पावसात ताडपत्रीखाली बसून रात्री दोनला काम उरकलं. लाइन चालू आहे, गिऱ्हाइकांची तक्रार नाही. पण ओटीडीआरचा (एका टोकाकडून उजेड सोडून केबल तपासणाऱ्या यंत्राचा) आलेख पाहिल्यापासून जिवाला चैन नाही.

स्प्लायसिंग मशीन (तंतू वितळवून जोडणारं) प्रत्येक जोडाला ०.०१-०.०२ डीबी लॉस दाखवत होतं. ऑफिसकडून ओटीडीआर लावला तर पहिल्या जोडावर उणे ०.२२, म्हणजे उजेड वाढलेला! दुसऱ्यावर ०.३४ लॉस. जवळपास सगळ्या कोरना हेच.

निळ्या कोरचा दुसरा जोड चार वेळा कापून पुन्हा केला. क्लीव्हरचं (फायबर कापायच्या हत्याराचं) पातं फिरवून घेतलं, व्ही-ग्रूव्ह (मशीनमधली फायबर बसवायची खाच) साफ केली, आर्क कॅलिब्रेशन (वितळवणाऱ्या ठिणगीची जुळणी) केलं. क्लीव्हचा कोन अर्ध्या अंशाच्या आत होता. तरी ०.३३, ०.३५, ०.३४. लाल कोरचं आणखी वेगळं: दुसऱ्या जोडावर १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडाला ०.३६, पण १५५० ला ०.७१. बाकीच्या कोरना दोन्ही तरंगलांबींना आकडा सारखाच.

मशीन बिघडलं असेल का? आमच्याकडे एकच आहे. ऐन पावसाळ्यात ते दुरुस्तीला पाठवायचं तर पुढची तुटलेली केबल जोडायची कशाने?

प्रतिसाद:
दादा, आता आणखी काही कापू नका. नव्या केबलवरचा छाप वाचा. ती जी.६५७ ए२ (वाकवली तरी उजेड कमी गळणारी) असणार आणि तुमची जुनी जी.६५२ डी (नेहमीची).

ओटीडीआर लॉस थेट मोजत नाही. मागे परतणाऱ्या उजेडावरून तो अंदाज काढतो. जी.६५२ डी चा मोड फील्ड व्यास (फायबरमध्ये उजेड जेवढ्या जागेत पसरतो तिची रुंदी) १३१० ला साधारण ९.२ मायक्रॉन, बहुतेक ए२ चा ८.६ च्या आसपास. अरुंद फायबर जास्त उजेड मागे पाठवते. म्हणून जुन्यातून नव्यात शिरताना आलेख वर उडी मारतो आणि नव्यातून जुन्यात येताना तेवढाच खाली बसतो. व्यासांच्या या फरकाने खरा लॉस होतो तो ०.०२ डीबीच्या घरात. पलीकडच्या टोकाकडूनही मोजा आणि त्याच जोडाच्या दोन आकड्यांची सरासरी काढा. तोच खरा लॉस.

लाल कोरचं दुखणं मात्र खरं आहे. १५५० ला जास्त आणि १३१० ला कमी, म्हणजे फायबर कुठेतरी मुरडली आहे. क्लोजरमधला ट्रे उघडून बघा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. छाप वाचला, ए२ च आहे. आज पलीकडून मोजलं. निळ्याचा दुसरा जोड तिकडून उणे ०.२१, पहिला ०.३५. सरासरी दोन्हीची ०.०६५! नियम ०.१ चा, म्हणजे काम पहिल्या रात्रीच नीट झालं होतं.

लाल कोर ट्रेच्या झाकणाखाली, कोपऱ्याच्या खाचेत चिमटली होती. मोकळी करून मोठं वेटोळं दिलं, १५५० ला ऑफिसकडून ०.३५ वर आली.

आता प्रश्न निळ्याचा. चार वेळा कापल्यामुळे ट्रेमध्ये तिचं जेमतेम एक वेटोळं बसतंय. तशीच ठेवू, की पाऊस ओसरल्यावर जवळच्या लूपमधून (राखीव ठेवलेल्या वेटोळ्यातून) केबल ओढून क्लोजर नव्याने भरू?